मी नसतानाचे गुण

३ ऑगस्ट

आजपासून रोज नाही, पण काही घडलं की लिहिणार आहे. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे एरवी काही घडत नाही. आज घडलं. स्टाफ मीटिंगमध्ये तोंड उघडलं आणि मुलींच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक होऊन घरी आले.

वार्षिक अहवालात लिहिलं होतं की मुलींच्या संघाची कामगिरी आधीच्या वर्षीपेक्षा पन्नास टक्क्यांनी सुधारली. मी उभी राहिले. म्हटलं, गेल्या वर्षी सात सामन्यांत शून्य विजय, त्याआधीच्या वर्षी सातांत शून्य. शून्यावर पन्नास टक्के कसे काढले ते कळेल का? प्राचार्य माझ्याकडे बघून इतके प्रसन्न हसले की तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. क्रीडाशिक्षकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते सहा महिने येणार नाहीत. 'मॅडमचा या विषयाचा एवढा अभ्यास आहे हे मला माहीत नव्हतं,' असं म्हणून त्यांनी संघ माझ्या गळ्यात बांधला. बाकीचे बावीस जण मूग गिळून टेबलाकडे बघत बसले होते.

जाता जाता प्राचार्यांनी अटही सांगितली. आठ कॉलेजांची लीग आहे. यंदाही आठवा नंबर आला तर संघ बंद, आणि हॉल परीक्षा विभागाला. त्यांना जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला जागा हवी आहे. परीक्षा विभागाचे प्रमुख टेप घेऊन हॉल मोजूनही गेले म्हणे.

घरी सांगितलं तर हे 'हं' म्हणाले. हे दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर ज्यांच्या तोंडात हात असतो त्यांच्याशी बोलायचं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलण्याची यांची सवय गेली आहे. भाची मात्र खुर्चीतून पडायची बाकी राहिली. ही माझ्या नणंदेची मुलगी, गेल्या वर्षापासून आमच्याकडे शिकायला आहे, आणि याच संघात आहे. तिच्या गावच्या कॉलेजात बास्केटबॉल नाही म्हणून तर ती इथे आली. संघ बंद झाला तर परत जाईन, म्हणाली. मी म्हटलं, तुझी मर्जी. आम्हाला मूल नाही, आणि घरात जिन्यावरून बॉल आपटत येण्याचा आवाज मला मुळीच आवडत नाही. पण झोपायच्या आधी दोनदा उठून तिच्या खोलीचा दिवा बंद आहे का बघून आले.

५ ऑगस्ट

पहिला सराव. हॉलची लाकडी फरशी एका कोपऱ्यात फुगली आहे, एका बास्केटची जाळी अर्धी लोंबते आणि भिंतीवर परीक्षा विभागाने रॅकच्या जागा खडूने आखून ठेवल्या आहेत. मुली दहा. मला नावं लक्षात राहत नाहीत, त्यामुळे जर्सीचे नंबर वापरायचे ठरवलं. चार नंबर कर्णधार. बुटकी, बोलणं कमी, डोळे सगळीकडे. पंधरा नंबर सर्वांत उंच. नऊ नंबर भाची. तिला बजावलं की हॉलमध्ये मामी नाही, मॅडम. तीही म्हणाली, ठीक आहे मॅडम, पण घरी मॅडम नाही.

मी नवी वही काढली आणि मुलींना माझी पद्धत सांगितली. मला हा खेळ येत नाही, पण आकड्यांना सगळं येतं. प्रत्येकीने प्रत्येक जागेवरून पन्नास वेळा बॉल टाकायचा, मी टिपून घेणार. चार नंबरने विचारलं की आज पळायचं नाही का. मी म्हटलं, आधी माहिती, मग पळणं.

९ ऑगस्ट

माहिती गोळा करण्यात चार दिवस गेले. पंधरा नंबर डाव्या बाजूने शंभरात अकरा वेळाच बास्केट करते असं निघालं. तिला डावी बाजू बंद केली. विसरू नये म्हणून फरशीवर खडूची रेघही मारली. ती म्हणाली, सामना दुसऱ्यांच्या हॉलमध्ये असला तर? मी वहीत लिहून घेतलं: पंधरा नंबर, शंका काढते.

१४ ऑगस्ट

पहिला सामना. २२–६१. हरलो.

पाचही टाइम-आउट घेतले. टाइम-आउट म्हणजे खेळ थांबवून संघाशी बोलायला मिळणारं एक मिनिट. एका मिनिटात सरासरी आणि तिच्या भोवतीचा फरक समजावणं अवघड आहे, पण मी तीन टाइम-आउट मिळून ते पूर्ण केलं. चार नंबर मला सारखी 'हो मॅडम' म्हणत होती. तिची ग्रहणशक्ती चांगली आहे.

२१ ऑगस्ट

दुसरा सामना. ३१–५४.

मधे एक वेळ अशी आली की आपण सलग आठ गुण केले. मुली काय सुंदर पळत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कौतुक करावं म्हणून टाइम-आउट घेतला, सगळ्यांना बोलावून कौतुक केलं. त्यानंतर का कोण जाणे, समोरच्यांनी सलग बारा केले. सात नंबरने ओळीने चार बास्केट केल्या होत्या; एवढी मोठी कामगिरी टिकत नसते, ती सरासरीकडे उतरणारच, म्हणून उतरायच्या आधी मी तिला बाहेर बसवलं. ती बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसली. खूप घाम आला असावा.

घरी येताना भाची गाडीत माझ्या शेजारी होती. मी तिला विचारलं की माझ्या पद्धतीत काही सुधारणा सुचते का. तिने खिडकीची काच खाली केली.

२९ ऑगस्ट

तिसरा सामना. ३६–४७. प्रगती आहे.

दुसऱ्या सत्रात परीक्षा विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. हॉलमध्ये ऐकू येईना म्हणून वही घेऊन बाहेर गेले. हॉलच्या दाराची रुंदी किती, रॅक आत जाईल का, असं ते विचारत होते. मी सांगितलं की मला दाराची रुंदी माहीत नाही आणि माहीत असती तरी सांगितली नसती. आयुष्यात पहिल्यांदा सहकाऱ्याशी असं बोलले, आणि नंतर पाणी प्यावं लागलं. सहा मिनिटांनी आत आले तर या वेळात ११–४ झालं होतं. चार नंबर बाकापाशी उभी राहून हातवारे करत होती. मला बघताच बसली.

६ सप्टेंबर

चौथा सामना. ४१–४४. तीन गुणांनी गेला.

मुलींमध्ये शिस्त नाही. सामना सुरू झाला आणि लक्षात आलं की एकीच्याही बाटलीत पाणी नाही. दहा बाटल्या, दहाही रिकाम्या. चार नंबर म्हणाली, मॅडम, तुम्ही भरून आणाल का, आम्हाला तर जाता येणार नाही. नळ बोळाच्या पार टोकाला, आणि त्याची धार शाईपेनातून पाणी यावं तशी. वही काखेत, दोन्ही हातांत बाटल्या, अशी दोन फेऱ्या केल्या. बारा मिनिटं मोडली. परत येते तर १८–८. म्हणजे त्या बारा मिनिटांतलं सगळं चांगलं माझ्या पाठीमागे झालं. नशीबच असतं एकेकाचं.

हॉलबाहेरच्या बेसिनमध्ये बरंच पाणी साचलेलं दिसलं. गळती असावी. शिपायाला सांगितलं.

१५ सप्टेंबर

जिंकलो. ३९–३५. दोन वर्षांतला पहिला विजय.

आजही बाटल्या रिकाम्या. त्या भरून आणते तोवर पंधरा नंबरने अर्ध्या पिऊन टाकल्या म्हणून पुन्हा गेले. मग सात नंबरला आठवलं की माझी गाडी कुणाच्या तरी गाडीला आडवी लागली आहे. गेले तर आडवी नव्हती. एकूण बावीस मिनिटं बाहेर, आणि त्या वेळात २८–१२. मी आत असताना ११–२३.

हे काय चाललंय याचा मी आता शास्त्रीय विचार केला आहे. निष्कर्ष असा: मी दिसत नाही तेव्हा मुलींना माझी उणीव भासते. मॅडम परत येतील तेव्हा त्यांना आनंद व्हावा या ओढीने त्या जीव तोडून खेळतात. हे लिहिताना मला भरून येतंय. ह्यांना सांगितलं. हे 'हं' म्हणाले, पण नेहमीपेक्षा लांब.

१९ सप्टेंबर

लीगचं परिपत्रक आलं. आपल्याकडून हरलेल्या कॉलेजने तक्रार केली आहे की आमच्या बाकावर जबाबदार व्यक्ती नसते, मुली वाऱ्यावर सोडलेल्या असतात. आता सामना संपेपर्यंत प्रशिक्षकाने बाक सोडायचा नाही. सोडला तर सामना हरलो असं धरणार. अपवाद दोनच: प्रकृती बिघडल्याचं डॉक्टरांनी जागेवर लिहून दिलं तर, किंवा पंचांनीच प्रशिक्षकाला गैरवर्तनाबद्दल बाहेर काढलं तर. तसं झालं तर कर्णधार संघ सांभाळेल. गैरवर्तन म्हणे. मी चोवीस वर्षांत वर्गात आवाज चढवलेला नाही.

परिपत्रक वाचून दाखवलं तेव्हा मुलींची पाचावर धारण बसली. मी त्यांना धीर दिला की आता पूर्ण वेळ मी तुमच्याजवळच असेन.

२४ सप्टेंबर

सहावा सामना. २७–५०. चाळीसही मिनिटं बाकावर होते. बाटल्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

आता एकच सामना उरला. तो सातव्या नंबरच्या संघाशी आहे; त्यांचाही एकच विजय आहे. जो हरेल तो आठवा.

२५ सप्टेंबर

प्राचार्यांना दाखवायला तक्ता केला, म्हणजे मला बाकावर बांधून ठेवल्याने काय नुकसान होतं ते त्यांना कळेल. सहा सामन्यांत मी बाहेर होते ती मिनिटं एका रकान्यात, आत होते ती दुसऱ्यात. बाहेरची मिळून बरोबर चाळीस मिनिटं झाली, म्हणजे एक अख्खा सामना. तो आपण ५७–२४ असा जिंकलाय. मी तो पाहिलेला नाही.

आतली दोनशे मिनिटं, म्हणजे पाच सामने. १३९–२६७.

ह्यांनी तक्ता हातात घेतला. चष्मा पुसला, पुन्हा बघितला. मग आमच्या लग्नानंतरचं सर्वांत लांब वाक्य बोलले. म्हणाले, "हा तक्ता आणि त्याखालचा तुझा निष्कर्ष एखाद्या विद्यार्थ्याने आणून दिला असता, तर तू काय शेरा मारला असतास?"

मी लाल पेन घेतलं आणि मारला. निष्कर्ष आकड्यांमधून निघत नाही, लिहिणाऱ्याच्या इच्छेतून निघतो. दहापैकी दोन.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली. फार वाईट वाटलं. हसण्यासारखं आहे हे कळतंय, पण नाही हसता आलं. मला त्या मुली आवडायला लागल्या होत्या आणि मला वाटलं होतं की मी उपयोगाची आहे.

२६ सप्टेंबर

भाचीला सरळ विचारलं. मी बाहेर गेले की तुम्हाला बरं वाटतं का? तिने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "मामीला सांगू का मॅडमला?"

मी म्हटलं, दोघींना सांग.

"मामी, तू बाहेर गेलीस की बरं वाटतं. आणि मॅडम, बाहेर जाताना तुम्ही वही बरोबर नेता, ते फार बरं करता."

वहीचं का काढलं ते कळलं नाही. बाकाखाली पाणी सांडतं, तिथे ती भिजली असती म्हणून असेल. पण मुलीचं मन किती जपणारं आहे बघा.

तिने पुढे सांगितलं की तिच्या आईचा फोन आला होता, गावच्या कॉलेजचा प्रवेश-अर्ज आणून ठेवलाय. मी म्हटलं, ठेवू दे.

४ ऑक्टोबर

क्रमाने लिहिते.

मी काल रात्रीच हिशेब केला होता. मी बसले तर मिनिटाला जवळजवळ दोन तृतीयांश गुणाचा तोटा, मी गेले तर मिनिटाला पाऊण गुणाहून थोडा जास्त फायदा. जायचा कायदेशीर मार्ग एकच, गैरवर्तन. प्रशिक्षकाचं गैरवर्तन दोनदा झालं की पंच त्याला बाहेर काढतात, आणि प्रत्येक वेळी समोरच्यांना एक फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता एक गुण करायची संधी मिळते. म्हणजे दोन गुण खर्च. परवडतं. पहिल्या मिनिटालाच जायला हवं होतं. धीर झाला नाही. समोर प्राचार्य बसले होते, त्यांच्या शेजारी परीक्षा विभागाचे प्रमुख, मांडीवर टेप.

शेवटची बारा मिनिटं राहिली तेव्हा २१–२७ होतं. मी उभी राहिले. पंच तरुण होता. त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, मला तुमचा निर्णय मान्य नाही. तो कुठल्या निर्णयाबद्दल असं विचारू लागला. मी ते ठरवलंच नव्हतं. म्हटलं, सगळेच. तो नम्रपणे म्हणाला, मॅडम, बसा ना. मग माझ्याकडे नीट बघून त्याने हात जोडले. तो माझा विद्यार्थी निघाला, सहा वर्षांपूर्वीचा. माझ्यामुळे त्याला संख्याशास्त्राची गोडी लागली म्हणे. म्हटलं, झालं, आता हा मला कशाला काढतोय.

तेवढ्यात कुणाच्या तरी हाताला लागून बॉल बाहेर आला आणि गडगडत माझ्या पायाशी थांबला. मी तो उचलला आणि काखेत धरला.

पंच आला. "मॅडम, बॉल द्या."

"नाही देणार."

त्याने हळू आवाजात सांगितलं की असं केलं तर त्याला शिट्टी वाजवावी लागेल. मी म्हटलं, वाजव. तो म्हणाला, मॅडम, तुमच्यावर कशी वाजवू? त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला त्याची दया आली, पण पाठीमागे नऊ नंबर उभी होती आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, "शिकवलं ते विसरलास? आकडे सांगतील ते करायचं, समोर कोण बसलंय ते बघायचं नाही." त्याने डोळे मिटले आणि शिट्टी वाजवली. एक झालं.

दुसऱ्यासाठी काय करावं ते सुचेना. माझ्याकडे शिव्यांचा साठा नाही. शेवटी मी बॉल घेऊन मैदानाच्या मध्यभागी गेले आणि मधल्या वर्तुळात मांडी घालून बसले. साडी नीट केली. परीक्षा विभागाचे प्रमुख उभे राहिले, प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. दुसरी शिट्टी वाजली. पंचाने दाराकडे हात केला आणि मला उठायला दुसरा हात दिला. मी जाता जाता त्याला म्हटलं, शाब्बास.

चार नंबरजवळून जाताना तिला सांगितलं, आता तू बघ. तिने 'हो मॅडम' म्हटलं नाही. माझ्या दंडाला हात लावला, तो चांगलाच घट्ट होता.

नियमाप्रमाणे कपडे बदलायच्या खोलीत बसावं लागलं. दहा पिशव्या, अठरा चपला आणि मी. दोन चपला कुठे गेल्या ते शोधत बसले, म्हणजे वेळ जाईल. बाहेर आरडाओरडा होत होता, पण कोण ओरडतंय ते कळत नव्हतं. माझ्या हिशेबाने आपण एक पूर्णांक नऊ दशांश गुणांनी जिंकायला हवे होतो. पण एका सामन्यावरून काही सांगता येत नाही, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवते. इतकी भीती मला स्वतःच्या निकालाचीही कधी वाटली नव्हती.

मग भाची आली. दारात उभी राहिली. केस कपाळाला चिकटलेले, एक गुडघा सोललेला. ती धापा टाकत होती.

मी विचारलं, "किती?"

"अडतीस, सदतीस."

"अडतीस कोणाचे?"

"आपले, मामी."

मी हॉलमध्ये मामी म्हणायचं नाही असं सांगितलं होतं, पण ही खोली हॉलमध्ये मोजायची का हा प्रश्नच आहे. मी तिथेच रडले. तीही रडली. बाकीच्या नऊ जणी आल्या आणि सगळ्यांचा घाम माझ्या साडीला लागला.

७ ऑक्टोबर

प्राचार्यांनी बोलावलं होतं. समोर लीगचं पत्र होतं: प्रशिक्षकाने मैदानात ठाण मांडल्याबद्दल तीव्र नापसंती. प्राचार्य म्हणाले, मॅडम, संघ राहिला, हॉलही राहिला, पण पुढच्या वर्षी हे पद तुम्हाला द्यावं की नाही याचा विचार करावा लागेल. तेवढ्यात दारावर टकटक झाली. चार नंबर, मागे नऊ जणी, हातात अर्ज. सगळ्यांच्या सह्या होत्या.

अर्जात लिहिलं होतं की पुढच्या वर्षीही प्रशिक्षक म्हणून मॅडमच हव्यात. जाता-येताना त्या आमच्याबरोबर असाव्यात, सरावाला असाव्यात, आणि प्रत्येक सामन्यात पहिल्या पाच मिनिटांत त्यांना बाहेर काढलं जावं. प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, मॅडम, तुम्हाला हे मान्य आहे? मला फार अभिमान वाटला. मान हलवली.

घरी आल्यावर भाचीने आईला फोन केला. तो अर्ज फाडून टाक म्हणाली, आणि जिन्यावरून बॉल आपटत वर गेली.

आता व्यवहाराचं बघायला हवं. सात सामने, प्रत्येकी दोन, म्हणजे चौदा वेळा गैरवर्तन करायचं आहे. दर वेळी मांडी घालून बसणं चालायचं नाही, पंच सावध होतील. रागावता आलं पाहिजे. म्हणून आज संध्याकाळी हे दवाखान्यातून आल्या आल्या मी कमरेवर हात ठेवून यांच्यावर ओरडून पाहिलं. यांनी विचारलं, घसा धरलाय का? भाची जिन्यात बसून बघत होती. दहापैकी दोन, म्हणाली. पण पुढच्या वर्षापर्यंत जमेल, मी रोज सराव घेईन.